पाहणारा कोण

ग्रंथालयाच्या तळघरात, दर गुरुवारी सहाला,
कळफलकावर हात ठेवण्याआधी मी ते दोनदा धुते.
दिवसभर मासे धुरवलेले हात.
शेजारचा पोरगा तरी नाक ओढतोच.

पहिले तीन आठवडे कंस मिटवायला शिकण्यात गेले.
उघडा राहिला, की यंत्र पुढच्या ओळीवर
अधिकचं एक चिन्ह ठेवून वाट पाहत बसतं.
ओरडत नाही, काही नाही.
माझ्या नवऱ्यासारखं नुसतं बसतं.

मग स्वल्पविरामाचं प्रकरण.
इकडे आम्ही अडीच लिहितो ते दोन, स्वल्पविराम, पाच.
यंत्राला हवा ठिपका.
वडिलांच्या वहीतले सगळे अंश त्यानं
आकडे म्हणून नाही, शब्द म्हणून वाचले.
लहानपणी मीही तसेच वाचायचे.

वहीत एकोणचाळीस वसंत.
डावीकडं मार्चचा पारा,
उजवीकडं, पेइपुस तलावावरचा बर्फ
वर्षाच्या कितव्या दिवशी गेला, तो आकडा.
पेन्सिलीला जिभेची ओल.
थोडे डाग रक्ताचे, माशांच्या.

रेघ उतरती आली, धक्क्याच्या उतारासारखी.
एक अंश ऊब, तर बर्फ तीन दिवस आधी.
तावो म्हणाला, "छान बसली, हिल्वे."
तो सव्वीस वर्षांचा आहे. त्याला सगळं छान बसतं.

मी विचारलं : आणि येता वसंत?
पारा उणे एक धरला तर?
रकान्याचं नाव चुकलं होतं,
वर 'पारा' आणि खाली 'पारे',
तर एका दिवसाऐवजी त्यानं मला
एकोणचाळीस दिवस परत दिले.
पुढचं विचारावं आणि मागचं सगळं ऐकावं.
माझी आत्या असंच करायची.

ठिपके रेघेला धरून होते, थंडीत शेळ्या
भिंतीला धरून असतात तसे.
एकच वर. अकरा दिवस वर.
"टंकताना चुकलं असेल," तावो म्हणाला, "काढून टाकू."

मी वही उघडली. त्या ओळीत पेन्सिल नव्हती.
निळी शाई, आणि सातच्या कमरेला आडवी पट्टी.
त्या वसंतात वडील तार्तूच्या इस्पितळात होते,
छातीसाठी.

वडील धक्क्यावरून पाहायचे :
होडी सुटली, की बर्फ गेला.
आई पाहायची स्वयंपाकघराच्या खिडकीतून,
जिथं वारा उरलासुरला बर्फ लोटून आणतो
आणि कुंपणाला टेकवून ठेवतो.
शेवटचा काळपट तुकडा विरेपर्यंत
तिनं तारीख लिहिली नाही.

म्हणजे चूक नव्हती. खिडकी होती.

मी नवा रकाना घातला : पाहणारा.
अडतीसदा 'वडील'. एकदा 'आई'.
यंत्रानं आईसमोर लिहिलं, अधिक अकरा,
आणि तिच्या ठिपक्याची चूक आली शून्य.
अगदी शून्य.
तावो घाईनं म्हणाला, "त्याला अर्थ नाही हं,
एकटीच नोंद आहे, ती स्वतःपुरती जुळणारच."
मी म्हटलं, ती तशीच होती.

मग पुन्हा येता वसंत.
पारा : उणे एक. पाहणारा : हिल्वे.
लाल अक्षरं आली.
ही पातळी माझ्या ओळखीची नाही.

"वडील लिहा, चालेल," तावो म्हणाला.
लिहिलं. एकशे आठ, नऊ दिवस इकडे तिकडे.
कागद घडी करून मी एप्रनच्या खिशात टाकला,
आता त्यालाही वास येत असेल.

एप्रिल तोंडावर आलाय आणि मला ठरवता येत नाही
कुठं उभं राहायचं.
धक्क्यावर जायला गुडघे नको म्हणतात.
ती खिडकी भावानं घराबरोबर विकली.
पहाटे मी असते धुराच्या खोलीच्या दारात,
तिथून तलाव दिसत नाही.
ऐकू येतो.