तेर्स संपल्यावर

तेर्स संपला.
सून भांडी घासायला उठली, पोरं टीव्हीकडे पळाली.
मी अजून गुडघ्यांवरच आहे, देवा,
कारण पन्नास वेळा ‘नमान मोरये’ म्हणताना
माझ्या तोंडात एकच नाव घोळत होतं
आणि ते तुझ्या आईचं नव्हतं.

लिगोरियु.
घे, घेतलं.

तुला ठाऊक आहे, तरी सांगते.
अमावास्येच्या भरतीला त्यानं मानशीची दारं उघडी सोडली.
कोळंबी यावी, शेवटं यावीत, म्हणून.
साळ नदीचं खारं पाणी रात्रभर चालत आलं
पोटरीला आलेल्या माझ्या भातापर्यंत.
सकाळी खाजनात आभाळ दिसत होतं, आणि बगळे.
बगळ्यांना काय.

कोरगुट असतं तर तगलं असतं.
मी सरकारी बी लावलं, ती चूक माझी.
शनिवारी कुमसारात सांगितली;
पाद्री म्हणाला, बाई, हे पाप नव्हे.

पण गावकरीच्या बैठकीत लिगोरियु उभा राहिला,
म्हणाला, एर्मेलिंदाचा बांधच कच्चा,
बोस्त्यांवनं दुरुस्तीचे पैसे केव्हाच पिऊन टाकले.
मेलेल्याला उत्तर देता येत नाही.
मला येत होतं.
मी चपलेचा अंगठा बघत बसले.

इगर्जीत तो पुढच्याच बाकावर असतो.
एकमेकांना शांती द्या, पाद्री म्हणतो,
आणि तो वळतो.
मी हात जोडते. बोटं बोटांत घट्ट,
नखं रुतलेली त्याला दिसत नाहीत.
तुला दिसतात.

वैऱ्यासाठी प्रार्थना करा, असं सांगतात.
करते ना. रोज करते.
त्याचं जाळं फाटू दे.
त्याच्या होडीला भोक पडू दे, लहानसंच,
नदीच्या मध्यावर कळेल इतकं.
त्याचे दात पडू देत,
ज्यांनी तो माझ्या नवऱ्याचं नाव चावतो.

लाजू कशाला? हे नेऊ कुणाकडे?
सुनेला सांगितलं तर उजाडायच्या आत चिंचिणीभर होईल.
मुलगा बोटीवर आहे, त्याला कळवलं
तर बोट सोडून येईल आणि आधी कोयता शोधील.
तूच एक असा,
ज्याच्या हातात कोयता नाही.

आता ऐक, मंगळवारी काय झालं.
तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात तो बसला होता,
उंडो चहात बुडवून, बुडवून.
गाल आत गेलेले.
कवळी दुभंगली म्हणे, मडगावला दिलीय दुरुस्तीला.

मी हसले. छत्री आडवी धरून हसले.
मग पायांतलं बळ गेलं.
ऐकतोस की काय तू? इतकं शब्दाला शब्द?
(होडीचं मागे घेते. होडीचं राहू दे.)

तो माझ्या बापासारखा दिसत होता,
शेवटच्या वर्षातल्या.
भिजलेला तुकडा बशीत पडला,
त्यानं तो चमच्यानं गोळा केला, सावकाश,
कुणी बघत नाही असं समजून.
त्याची मार्तिन्य असती
तर घरीच पेज झाली असती.

हे मला बघायचं नव्हतं.
हे तू मुद्दाम दाखवलंस.
म्हणून आज तुझ्यावरही राग आहे,
तोही याच दिव्याखाली ठेवते.

क्षमा माझ्याकडे नाही.
असती तर लपवली नसती, तुझ्यापासून कसली लपवणार?
खाजनातलं मीठ उतरायला दोन पावसाळे लागतात,
कधी तीन.
माती तू केलीस, तुला हिशेब ठाऊक असेल.

तोवर एवढंच मागते:
त्याची कवळी लवकर नीट होऊ दे.
घट्ट बसू दे, हिरड्यांना लागू नये.
येत्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर,
खुरसापाशी थांबवून मला त्याला विचारायचंय
बोस्त्यांवबद्दल, तोंडावर,

आणि तो काय उत्तर देतो
ते मला स्पष्ट ऐकू यायला हवं.

आमेन.