घडी घालू नकोस

रुडसेल, आधी ताण सोड.
खालची दोरी सैल कर, मग बाजूची,
आणि मगच डोलकाठीला हात लाव.
दिवसभर वारा प्यायलेलं शिंगरू आहे हे,
एकदम ओढलंस तर बिथरेल.

वाळूवरून फरपटू नकोस.
पारदर्शक भागावर ओरखडे उठतात,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला
सगळा उपसागर धुक्यातला दिसतो.
बोनेरवर धुकं पडतं का कधी?
मग त्याने पैसे कशाचे दिले?

आता पाणी.
नळी नको, झारी घे. एका शिडाला दोन झाऱ्या.
हे गोडं पाणी याच समुद्रातून येतं,
कारखान्यात मीठ काढून, मोजून, बिल लावून,
आणि आपण त्याने समुद्रच धुतो.
हसू नकोस. मालक मीटर बघतो.

शिवणीत बघ, काड्यांच्या खिशांत बघ,
कप्पीच्या चाकात बघ,
मीठ तिथे दबा धरून बसतं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
शिडं जागत नाहीत. कुरतडली जातात.
माझ्या बापाचा पणजा तिकडे दक्षिणेला मिठागरात होता,
विकत घेतलेला माणूस,
डोक्यावर टोपली, टाचांना चिरा, डोळ्यांत पांढरं ऊन.
त्याने कुणाच्या मिठाला जागायचं होतं
ते मला कुणी सांगितलं नाही.

कप्पी धुतलीस?

उन्हात नको, त्या वाकड्या दिवी-दिवीच्या सावलीत.
आणि फडफडत ठेवू नकोस.
रिकामं फडफडून शीड म्हातारं होतं.
विश्वास नसेल तर काउंटरवरच्या उबाल्दोला बघ.

ही निळी जर्मन डॉक्टरची.
मार्चमध्ये गेला, डोलकाठी जोडलेलीच ठेवून.
मला विचारायचा, तुमच्या बोलीत
शिडाला आणि मेणबत्तीला एकच शब्द कसा?
म्हटलं, दोघांचं नशीब वाऱ्याच्या हातात, म्हणून असेल.
त्याने ते वहीत लिहून घेतलं.
डोलकाठी मात्र सोडवली नाही.

बघ, दोन्ही तुकडे एकमेकांत रुतलेत,
सांध्यात वाळू आणि वर्षाचं मीठ.
कोमट पाणी ओत. थांब जरा.
आता समोर बस, तळपाय माझ्या तळपायांना लाव.
लाजतोस काय, तुझ्या आईला मी झोळीत बघितलंय.
दोघांनीही आपापल्या उजवीकडे पिळायचं,
समोरासमोर बसलं की तेच उलटं होतं.
मी आणि मार्सेलिनो अशीच बसलो होतो बावीस वर्षं,
फक्त कोमट पाण्याचं कुणाला सुचलं नाही.
पीळ.
अजून.

टक्‌!

पडलास? मीही.
तो बघ इग्वाना कसा पळाला,
जणू त्याच्याच पाठीचा मणका सुटला.

ऊठ. आता गुंडाळ, टोकाकडून बुडाकडे.
घडी घालू नकोस.
घडीची रेघ राहते,
आणि शीड तिथूनच जातं. आज नाही,
एखाद्या चांगल्या वाऱ्याच्या दिवशी.
सैल गुंडाळ, चटई गुंडाळतोस तशी,
पण चटईवर कुणी झोपलंय असं समजून.
पिशवीचं तोंड दोन बोटं उघडं ठेव.
आतल्या ओलीलाही वाट हवी.

मोठी खाली, लहान वर.
सगळ्यात वरची पिवळी काढू नकोस,
ती भाड्याची नाही.
झुलैकाची आहे. तिकडे हॉलंडात
लोकांचे दात तपासते आता,
म्हणते, इथे वारा आहे गं, पण तो खिडकीबाहेर.
दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
मी ती उलगडते,
आणि पुन्हा गुंडाळते, दुसऱ्या अंगाने,
म्हणजे एकाच जागी वळण धरत नाही.
सात वर्षं झाली.
तिने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चल, दार ओढ.
झारीत पाणी उरलंय?
फेकू नकोस.
आण इकडे, तोंड धुते.