खीळ

सोहारच्या मासळीबाजारात सुरमईला कनद म्हणतात.
एवढाच शब्द नीट शिकलो, बाकी सगळं सुरीने बोलतो.
सात वर्षं बर्फ, खवलं, फाटका हातमोजा,
आणि एक दिवस उजव्या अंगठ्याच्या पेरावर
फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी उगवलं.

कार्ड नवं करायला गेलो, तर यंत्राने अंगठा ओळखला नाही.
लाल दिवा.
पुसून ठेव. लाल.
थुंकी लावून ठेव. लाल.
आपल्या भाषेने आधीच सांगून ठेवलं होतं की:
चामडीत ठोकलेली ती चामखीळ,
आणि खीळ बसते ती कामाला.

खोलीत सहा जण, सहा वैद्य.
बशीर मुकादमचा चुना,
थापाची केळ्याची साल, वर चिकटपट्टी.
मला आठवली दाभोळची शकूआत्या,
जिने काजूच्या टरफलाचं तेल लावून
शेजारच्या पोराचा मस घालवला
आणि जागेवर कायमचा पांढरा डाग ठेवला.
मी कुणाचंच ऐकलं नाही. ब्लेडने छाटला.
महिन्याभरात एकाचे चार.

डॉक्टर इख्लास मूळच्या खार्तूमच्या.
भिंग धरून म्हणाल्या, हे काळे ठिपके मुळं नाहीत,
गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत.
मग सांगत बसल्या, नात्यातल्या माणसांबद्दल सांगावं तसं:
तळव्यातला आत दबून वाढतो,
पापणीवरचा दोऱ्यासारखा लोंबतो,
चपटे असतात ते दाढीच्या पात्याबरोबर गालभर पेरले जातात.
"आणि हा खाटकांचा, मासे कापणाऱ्यांचा."
बरं वाटलं.
यंत्राने नाही, पण कुणीतरी ओळखलं.

बाहेर सत्तेचाळीस अंश, डांबर चपलेला धरतंय.
आत थर्मासमधून वाफ सांडते,
शून्याच्या खाली एकशे शहाण्णव.
कापसाची काडी टेकली. मी मराठीत आकडे मोजले.
सातला डोळ्यांत पाणी.
जन्मभर बर्फात हात घालणाऱ्याला
थंडी भाजते हे नव्याने कळलं.

"फोड येईल, फोडू नकोस. तीन आठवड्यांनी ये.
तोवर रात्री कोमट पाणी, मग हे सॅलिसिलिकचे थेंब."
नाही गेला तर?
"तर जाळू. नाहीतर पुष्कळदा दोनेक वर्षांत आपणहून जातो.
शरीराला उशिरा कळतं, हा आपला नव्हे."
दोन वर्षं.
आमचा व्हिसाही तेवढाच.

रात्री फोनवर पट्टी दाखवली.
तन्वेशने फोन खाली नेला, टाच दाखवली.
"बाबा, मलापण. खडा रुतल्यासारखं होतं."
त्याची आई म्हणाली, तुमच्याकडूनच आला असणार.
मी हसलो. मग हिशेब केला.
स्पर्शाने पसरतो, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय.
त्या पोराला हात लावून तीन वर्षं झाली.
माझा नाही, म्हटलं.
शाळेच्या नळाखालची ओली फरशी असेल.

कोमट पाण्यात पाय बुडव, दहा मिनिटं.
फोन बादलीशेजारी ठेव.
मी मोजतो.