शिलाईतली माया

आयोनी डेकर्सची मापं माझ्याकडे आहेत.
बाकी कुणाकडे तिचं काय आहे, ते त्यांनी सांगावं.

पहिलं पान: छाती बत्तीस, कंबर तेवीस,
पेन्सिलीनं, कारण मुलगी पुन्हा येईल याची खात्री नव्हती.
सतरा वर्षांची. आईच्या चपला घालून
हाफ वे ट्रीच्या घड्याळाखालून चालत आलेली,
कशाकडेच न बघता.
विमान कंपनीच्या कॅलेंडरसाठी पिवळा पोहण्याचा पोशाख हवा होता.
पोहता येत नव्हतं.
फोटोग्राफर म्हणाला, गुडघ्यापर्यंतच जा, आणि हस.
तोच फोटो मोठा होऊन लंडनच्या एका बसस्टॉपवर
अख्खा हिवाळा लटकला.
माझी बहीण तिथं नर्स; रात्रपाळीहून परतताना
ओल्या कागदाला रोज गुड मॉर्निंग म्हणायची.

दुसरं पान शाईचं.
सिनेमावाले पोर्ट अँटोनियोला उतरलेले,
नायक बाहेरचा, पाऊस टँकरचा.
तिला चार वाक्यं. तीन कापली.
उरलं ते: "बोट अजून आली नाही, साहेब."
एकच झगा मी तीनदा शिवला,
एक कोरा, एक फाटलेला, एक रक्ताचा.
फाटलेला सगळ्यात अवघड.
कापड हवं तिथंच फाटावं म्हणून
आधी तिथं कच्चा टाका घालावा लागतो.
तो टाका ती बराच वेळ
बोटानं चाचपत बसली.

थिएटरात ती मेली तेव्हा
पुढच्या बाकांवरची पोरं ओरडली, "ऊठ गं आयोनी!"
आणि ती माझ्या शेजारी
तोंडावर हात धरून हसत होती.
त्यानंतर नऊ वर्षं कुणी उठवायला आलं नाही.
मोलकरीण. मोलकरणीची बहीण.
बाजारातली बाई क्रमांक दोन.

मग टायरच्या दुकानामागची ती खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले.
निर्माता म्हणाला, आवाजात वाळू आहे.
ती म्हणाली, असणारच,
गुडघ्यापर्यंत समुद्रात उभी केली होती मला.
तबकडीवर नाव चुकून छापलं आयव्ही.
पैसेही बहुधा आयव्हीलाच मिळाले.

रेगेमधलं मला तेवढंच कळतं
जेवढं तिनं माझ्या मशीनच्या पायडलवर पाय ठेवून दाखवलं:
पहिला ठोका मोकळा सोडायचा.
सगळे तिथंच धावतात, तू थांब.
तिसऱ्यावर ये, आणि जड ये.
मी म्हटलं, म्हणजे माया.
शिलाईच्या आत बोटभर कापड दुमडून ठेवतो आम्ही,
बाहेरून कुणाला दिसत नाही,
बाई अंगानं भरली की उसवून सैल करायला.
ती म्हणाली, तेच ते,
फक्त ढोलवाल्याला सांगू नकोस, तो स्वतःचाच शोध समजतो.

मधली पानं मी उलटत नाही.
दोन ठिकाणी माप सहा महिन्यांत पाच इंच उतरलंय,
आणि मी तेव्हा विचारलं नव्हतं.

परवा आली. चौसष्ट वर्षांची, चपला स्वतःच्या.
ओसाकाला बोलावलंय म्हणाली;
तिथली पोरं आयव्हीची तबकडी
हातमोजे घालून काढतात म्हणे,
शब्द न् शब्द पाठ, अर्थ विचारायचा नाही.
मी टेप धरली. आकडा मोठ्यानं वाचला नाही.
पिवळाच हवा, ती म्हणाली.
सुईच्या नेढ्यात माझी नजर आता शिरत नाही;
दोरा तिनंच ओवून दिला, एका फटक्यात.
तोंडात टाचण्या धरून मी विचारलं, माया किती सोडू?

"दोन बोटं सोड," ती म्हणाली,
"तिकडे काय खाऊ घालतात कोण जाणे."

वहीजवळ पेन्सिलच होती.
मी पेन शोधायला उठले.