छप्पन्न अंश

मंगळवारी गरोदर बायांची तपासणी असते.
पंचफुला वानखडे, सातवा महिना, संत्र्याच्या बागेतून थेट,
उजव्या टाचेत जंबेरीचा काटा मोडलेला, परवाचा.
तिच्या रक्तावरचं पिवळं पाणी मी नळीत घेतो,
वॉटर बाथमध्ये ठेवतो :
छप्पन्न अंश, अर्धा तास.

"तापवता कायले जी? चहा हाय काय थो?"

पुस्तकात त्याला पूरक म्हणतात.
पूरक म्हटलं की हिला अंगणवाडीतलं पाकीट आठवेल.
म्हणून एवढंच सांगतो : तुझ्या रक्तात लढणारं काही असतं,
तपासणीत लुडबूड करतं,
ते आधी मारावं लागतं.

ती गप्प. नळीकडे बघत.

ते काळजात तयार होतं,
खाटकाकडे मागतो त्या काळजात, गाण्यातल्या नाही.
कुणी बोलावलं नाही तरी हिंडत राहतं,
थोडं थोडं आपणच तुटत,
हाताला लागेल त्याला चिकटत.
आपल्या पेशी त्याला झटकून टाकतात,
काट्यावरून आलेल्या जंतूला ती युक्ती येत नाही.
त्याच्या पाठीवर एक ठिपका बसतो,
मग हजार,
बाजारात विकलेल्या मेंढीवर गेरू बसतो तसे,
आणि पांढऱ्या पेशी गेरू बघून गिळतात,
तोंड बघत नाहीत.
तुटलेला दुसरा तुकडा बोंबलत सुटतो :
टाच लाल, टाच गरम.

कुठं कुठं सरळ बोअरच मारतात.
आपल्या शिवारात नऊशे फुटांवर धूळ निघते.
तिथं भिंतीला भोक पडायचा अवकाश,
पाणी आत, अजून आत,
जंतू फुगतो
फुटतो.

बाहेर सत्तेचाळीस. बाथमध्ये छप्पन्न.
मे महिना अजून नऊ अंशांनी कमी पडतोय,
असं मी दरवर्षी म्हणतो, कुणी हसत नाही.

घंटा वाजते. नळीतलं पाणी तसंच पिवळं,
मेलेलं काही दिसत नाही.
काचेवर थेंब, चार मिनिटं फिरवणं, सूक्ष्मदर्शक,
रजिस्टरात : नॉन-रिॲक्टिव्ह.

"माह्यंच काऊन मारलं?" ती आत्ता विचारते.
एवढ्याचंच, मी म्हणतो. बाकीचं तुझ्यापाशी आहे.

वाकता येत नाही, तरी भिंतीला धरून
ती टाच दाबून बघते.
"हाय," म्हणते. "ठणकून राह्यलं."
आणि चप्पल हातात घेऊन
इंजेक्शनच्या खोलीकडे जाते.