शुक्रवारचा रिबेस

महापेला चौथ्या मजल्यावर साडेसातनंतर एसी बंद करतात.
मग मी माझी ब्रँच काढतो.
चार वर्षांची आहे. सर्व्हरवर नाही,
फक्त या लॅपटॉपवर, आणि तुर्भ्याला
कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यातल्या काट्यावर.

तेव्हा सतरा पॅच होते.
मेन रोज पुढे सरकते,
मी माझे सतरा खालून उचलून
पुन्हा तिच्यावर रचायचो, एकेक,
हमाल थप्पी लावतात तसे.
कधी मधलंच पोतं फाटायचं:
कॉन्फ्लिक्ट, ओळ २१२,
दोघांनी तीच ओळ बदललेली,
दोघंही बरोबर.

थिटे मॅडम म्हणायच्या, दुखणं अंगावर काढू नकोस,
एक तर मेनमध्ये घाल, नाहीतर टाकून दे.
मी हो म्हणायचो. की पुढचा शुक्रवार.

काही मेनने घेतले, काही मीच सोडले.
आज अर्ध्या किलोचा पॅच लावायला घेतला,
ज्याच्यासाठी हमालांनी दोन दिवस काटा अडवला होता.
पुण्याच्या कुणा आर्या पाठराबेने
मंगळवारी तेच लिहिलंय,
नावं माझ्यापेक्षा नीट.
कॉन्फ्लिक्ट सोडवत गेलो,
तर शेवटी माझं असं काही उरलंच नाही.
खाली जाऊन कटिंग प्यालो. दोन.

आता एकच पॅच आहे.
त्यात कोड नाही, नुसती कॉमेंट:
काटा अडला तर दत्तू मुकादमाला विचारा, दुपारी दोननंतर.
मुकादम गेल्या दिवाळीत गावी गेला, कायमचा.

तेवढा उचलतो,
मेनवर ठेवतो.
कॉन्फ्लिक्ट नाही.