तिसरा रकाना

सकाळी कॉफी नाही, कांदा नाही,
हाताला साबणाचा वाससुद्धा नाही.
पेलाभर कोमट पाणी, कोरडा पाव.
बत्तीस वर्षं एस्तेलीच्या या कारखान्यात
माझी जीभ कंपनीच्या मालकीची;
संध्याकाळी घरी नेतो ती उसनी.

आजची पेटी वेगळी.
मागच्या खोलीत फळ्यांआड सापडलेली,
झाकणावर खडूने सन आणि महिना, अर्धा पुसट,
तळाशी चिठ्ठी: टेबल एकेचाळीस.
दोमितिला रुगामा.
त्या टेबलावर आता एक पोरगा बसतो, कानांत गाणी कोंबून.

सिगार कानाशी धरतो, दोन बोटांत हलकेच दाबतो.
कुरकुरत नाही.
वरचं पान काळपट, तेलकट,
घाम आलेल्या घोड्याच्या मानेसारखं.
एका घावात टोपी उतरवतो,
न पेटवताच एकदा ओढून बघतो:
मनुका, गवताची गंजी, कुणाचं तरी बंद कपाट.

मग काडी. लांब, लाकडी.
ज्योत पानाला टेकू द्यायची नाही,
नुसती ऊब दाखवायची, फिरवत, फिरवत.

पहिला धूर गिळायचा नाही. कुठलाच नाही.
त्याला तोंडात बसवायचा, लांबून आलेल्या माणसासारखा,
पाणी विचारायचं, वाटेतलं विचारायचं,
की तोच बोलू लागतो.
आधी मिरी. तरुणपणी चावली असती,
आता दात पडलेल्या कुत्र्यासारखी नुसती गुरगुरते.
मागून कडू कोको, भाजल्या अक्रोडाची साल,
हालापाच्या खोऱ्यातलं गोडसर पान,
कोंदेगाचं जरा राकट,
आणि मधोमध ते शेंड्याचं,
सगळं ऊन एकट्याने प्यायलेलं.
ते लवकर जळत नाही. लवकर बोलतही नाही.

बावीस वर्षं एकमेकांना चिकटून झोपल्यावर
तिघांचा घाम एक झाला आहे.
याला जुनं होणं म्हणत नाहीत,
जुनी तर माझी चप्पलही होते.
याला मुरणं म्हणतात.

राख पांढरी, बोटभर, पडायचं नाव नाही.
कागदावर लिहितो:
सुवास, नऊ. जळण, नऊ.

आणि बरोबर मध्यावर
धूर अडतो.

गाल आत जातात, हाती काही लागत नाही.
गाठ. तांदळाच्या दाण्याएवढी असेल.
दोमितिलाच्या हातची, आणि गाठ?
नव्या मुलींना सांगायची ती,
पान आवळू नका गं,
झोपलेल्या लेकराचा हात धरतो तसं धरा.

पेटी पुन्हा उजेडात नेतो.
ऑक्टोबर.
त्या ऑक्टोबरात कोस्टारिकाच्या बसेस
आमच्याच खिडकीखालून सुटायच्या.
तिचा धाकटा, एलिओदोरो, एका मंगळवारी गेला.
बसने दोनदा हॉर्न दिला.
सगळ्यांनी माना वर केल्या, तिने नाही.
दिवसाला दोनशे वळायच्या होत्या
आणि तिचं तेव्हा एकशे बारावं पान चालू होतं.
मी शेजारी उभा होतो, वही घेऊन. मोजत.

हीच ती सिगार, असं कशावरून?
कशावरूनच नाही.
ओलसर पान कुणाच्याही हातून आवळलं जातं.

नियमाप्रमाणे इथे विझवायची,
पेटीतल्या आणखी दोन तपासायच्या.
मी विझवत नाही.
घाई न करता, मिनिटाला एक,
दार ठोठावावं तसे छोटे छोटे झुरके घेतो.
निखारा गाठीपाशी येतो, थांबतो, लालबुंद होतो,
आणि कधीतरी
ती आतल्या आत सैल पडते.
त्यानंतरचा धूर कसा होता,
ते लिहायला या कागदावर रकाना नाही.

बोटं भाजेपर्यंत ओढली.
झाकण लावलं. आत तेवीस.

तिसरा रकाना अजून कोरा.
वर छापलंय: ओढ. दहापैकी.
साहेब दुपारी आकडा मागतील.
मी लिहितो:
आहे.